थायलंडमध्ये स्कूटर भाड्याने घेणार असाल तर विम्याचे कागद आधी वाचा

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

सुट्टीचं बुकिंग सुरू झालं की ओळखीपाळखीतून ठरावीक प्रश्न येतात. फुकेतला राहायचं कुठल्या भागात, क्राबीला किती दिवस ठेवायचे, शाकाहारी जेवणाचं काय. स्कूटरबद्दल मात्र कुणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांनी मनात धरलेलंच असतं. पुण्यात नाहीतर नाशकात रोज ॲक्टिव्हा चालवणाऱ्याला तिथे काय अवघड? वाहतूकही आपल्यासारखी डाव्या बाजूनेच. दुकानात पासपोर्ट ठेवायचा, दिवसाचे दोन-अडीचशे बात द्यायचे की चावी हातात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ग्रुपमधला एक मित्र क्राबीत आओ नांगच्या रस्त्यावर, वळणावर साचलेल्या वाळूवरून घसरला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण कॉलरबोन मोडलं. खासगी हॉस्पिटलने प्रथमोपचार लगेच केले. ऑपरेशनच्या आधी मात्र विमा कंपनीचं हमीपत्र किंवा कार्डावर डिपॉझिट, दोन्हीपैकी एक हवं म्हणाले. ट्रॅव्हल इन्शुरन्स होता, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. हेल्पलाइनला फोन केला, तासाभरात मेल आला: पासपोर्टची शिक्क्याची पानं, विमानाचं तिकीट, डॉक्टरांची नोट, पोलिसांचा अहवाल आणि वाहन परवाना दोन्ही बाजूंनी. परवान्यावर फक्त एलएमव्ही होतं, म्हणजे कारचं. स्कूटर तो कॉलेजपासून चालवत आलाय, पण दुचाकीचा वर्ग कार्डावर कधी चढलाच नव्हता. कंपनीने क्लेम नाकारला आणि पॉलिसीच्या शब्दांनुसार तिचं चुकलं नव्हतं. सगळा खर्च घरच्यांनी केला.

तेव्हापासून मी या विषयाचं मिळेल ते वाचतोय आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते असं. अपघातात तीन वेगवेगळी नुकसानं होतात. आपलं शरीर, भाड्याची गाडी आणि समोरचा माणूस. आपण ‘इन्शुरन्स काढलाय’ म्हणतो तेव्हा त्यातलं फक्त पहिलं झाकलेलं असतं, तेही परवाना, हेल्मेट आणि दारू या तिन्ही गोष्टी नीट असतील तर. गाडीचं नुकसान बहुतेक स्कूटरवाले पूर्ण आपल्याकडूनच घेतात.

आणि समोरचा माणूस? भारतात आपल्याला हा विचार करायची सवयच नाही, कारण आपल्या थर्ड पार्टी पॉलिसीत मृत्यू आणि इजेच्या भरपाईला कमाल मर्यादा नसते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी रक्कम ठरवेल ती कंपनी देते. थायलंडमध्ये सक्तीचा विमा असतो, त्याला तिथे ‘पोर रोर बोर’ म्हणतात. तो फक्त माणसांपुरता आहे. उपचारांसाठी माणशी ८०,००० बातपर्यंत, मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी ५,००,००० बातपर्यंत. चूक आपली असेल तर आपल्याला स्वतःला उपचारांचे जेमतेम ३०,००० बात मिळतात. समोरच्याच्या गाडीचं नुकसान त्यात एका पैशाचंही नाही. मर्यादेच्या वरचं सगळं चालवणाऱ्याच्या खिशातून. तुम्ही उभ्या असलेल्या महागड्या पिकअपला धडकलात किंवा एखादी म्हातारी बाई तुमच्या गाडीखाली आली तर कुठला कागद पुढे करणार, याचं उत्तर चावी घेण्याआधी आपल्याकडे हवं.

ज्यांनी तिकडे किंवा दुसऱ्या देशांत गाडी चालवली आहे त्यांनी कृपया अनुभव लिहा. नुसतं ‘काळजी घ्या’ नको, कागदाचं नाव आणि रक्कम असेल तर जास्त उपयोग होईल.

----

दऱ्याखोरी

धाग्याबद्दल आभार, वाचनखूण साठवली आहे. आम्ही जानेवारीत चियांग माईला जातोय. आंतरराष्ट्रीय परवाना कुठून काढायचा? नेटवर दोन दिवसांत घरपोच देणाऱ्या बऱ्याच साइट्स दिसतात.

----

पाऊलवाट

त्या साइट्सच्या नादी अजिबात लागू नका. ती छापील कार्डं असतात, त्यांना कायद्याने काही किंमत नाही. भारतात इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओ देतं. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फॉर्म ४-ए, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. २०२२ पासून सगळ्या राज्यांत एकाच नमुन्याचं पुस्तक मिळतं, त्यावर क्यूआर कोड असतो. मूळ परवान्यावर जे वर्ग असतात तेच परमिटवर उतरतात. म्हणून अर्ज करायच्या आधी कार्ड उलटं करून बघा. एमसीडब्ल्यूजी, म्हणजे गिअरची दुचाकी, असेल तर ठीक. नसेल तर आधी तो वर्ग चढवून घ्या. त्यासाठी लर्निंगपासून सुरुवात करावी लागते आणि पक्क्या परवान्यासाठी मध्ये ३० दिवस थांबावं लागतं. जानेवारीत जायचंय तर आत्ताच लागा कामाला. आणि परमिटबरोबर मूळ परवानाही सोबत हवा. एकट्या परमिटला अर्थ नाही.

----

बिनधास्त_भटक्या

धागा चांगला आहे पण लोकांना उगाच घाबरवू नये असं प्रामाणिकपणे वाटतं. आम्ही पट्टाया, फुकेत सगळीकडे परमिटशिवाय फिरलोय. पोलिसांनी अडवलं तर दंड भरायचा. पावती दाखवली की पुढचे काही दिवस पुन्हा त्रास देत नाहीत. अर्धं थायलंड असंच फिरतंय. रोज टॅक्सी करून सामान्य माणसाला परवडत नाही, हेही बघा.

----

क्लेमडेस्क

मी बरीच वर्षं प्रवास विम्याच्या दाव्यांचं काम केलंय, त्यामुळे वरच्या प्रतिसादाला उत्तर द्यायला हवं. दंडाची पावती म्हणजे परवाना नव्हे. उलट, विना परवाना पकडलं गेल्याचा तो लेखी पुरावा आहे आणि तो फाइलला लागला तर दावा तिथेच संपतो. पोलीस सोडतात की नाही हा एक प्रश्न आणि कंपनी पैसे देते की नाही हा वेगळाच. दुसऱ्या प्रश्नाला रस्त्यावरची तडजोड चालत नाही.

दाव्याची फाइल आली की आधी दिवस, वेळ आणि कारण बघतात. दुचाकी असेल तर परवान्याचा वर्ग, हेल्मेटचा उल्लेख आणि रक्तातलं अल्कोहोल. थायलंडची कायदेशीर मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, आपल्याकडे ३०. पण कायद्याची मर्यादा आणि पॉलिसीतलं कलम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच पॉलिसींत ‘मद्याच्या अमलाखाली’ एवढंच लिहिलेलं असतं. हॉस्पिटलच्या कागदावर इंग्रजीत ‘दारूचा वास’ अशी एक ओळ आली तरी प्रकरण अडकतं. बिअर घेतली असेल त्या संध्याकाळी चावी हॉटेलच्या खोलीतच राहू द्या.

अजून एक, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. ट्रॅव्हल पॉलिसीच्या पत्रकावर ‘पर्सनल लायबिलिटी’ म्हणून मोठी रक्कम दिसते, एक लाख डॉलर वगैरे. लोकांना वाटतं समोरच्याचं नुकसान त्यातून भागेल. बहुतेक पॉलिसींत मोटारवाहन चालवताना उद्भवलेली जबाबदारी त्यातून स्पष्ट वगळलेली असते. ते रेस्टॉरंटमध्ये तुमच्या हातून काच फुटली वगैरेसाठी आहे. पत्रक बघून ठरवू नका, पॉलिसी वर्डिंगची पूर्ण पीडीएफ मागा आणि त्यात ‘मोटर’ आणि ‘टू व्हीलर’ हे शब्द शोधा. काही कंपन्या दुचाकी पूर्णच वगळतात, काही इंजिनाच्या सीसीवर मर्यादा घालतात. नाही समजलं तर कंपनीला मेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवरचं ‘हो सर, कव्हर्ड आहे’ दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.

आणि अपघात झाला तर ॲडमिट होण्याच्या आधी, नाहीच जमलं तर पहिल्या २४ तासांत, हेल्पलाइनला कळवा. संदर्भ क्रमांक लिहून घ्या. मूळ बिलं, डिस्चार्ज समरी, औषधांच्या चिठ्ठ्या, एक्स-रे, सगळं सोबत आणा. परत आल्यावर तिकडच्या हॉस्पिटलकडून कागद मागवणं फार जिकिरीचं होतं.

----

बिनधास्त_भटक्या

पावतीचा मुद्दा या बाजूने कधी पाहिला नव्हता. पटलं. पॉलिसी काढून वाचतो.

----

एकटी_भटकी

मी एकटी फिरते, त्यामुळे माझ्या बाजूने थोडं.

पासपोर्ट दुकानात ठेवायचा नाही, यावर मी अडून बसते. पासपोर्ट अधिनियम १९६७ च्या कलम १७ नुसार तो केंद्र सरकारच्या मालकीचा असतो, आपल्यालासुद्धा तो गहाण ठेवायचा हक्क नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी रोजचं गणित साधं आहे. गाडीवर ओरखडा आला, दुकानदाराने मनाला येईल तो आकडा सांगितला आणि दुसऱ्या दिवशी तुमचं विमान आहे, तर तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही. काही हजार बात रोख डिपॉझिट आणि पासपोर्टची झेरॉक्स यावर गाडी देणारी दुकानं मिळतात, थोडं फिरावं लागतं. नाही मिळालं तर मी गाडी घेत नाही. ग्रॅब आणि बोल्ट आहेत, चियांग माईत लाल सोंगथाऊ, म्हणजे शेअर टॅक्सीसारख्या पिकअप, आहेत, कुठे अडत नाही.

गाडी घेताना व्हिडिओ काढते, दुकानदार चौकटीत येईल असा. दोन्ही आरसे, ब्रेकच्या मुठींची टोकं, सायलेन्सरचं कव्हर, पायाखालच्या फळीची खालची कडा. शेवटची जागा सगळे विसरतात आणि नेमकं तिथलंच जुनं खरचटलेलं नव्या गिऱ्हाइकाच्या बिलात येतं. मग टायरवर अंगठा दाबून बघायचा, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून गाडी ढकलून बघायची. हेल्मेटचा पट्टा बंद होत नसेल तर दुसरं मागायचं. नुसतं डोक्यावर ठेवायला देतात ती पातळ टोपली हेल्मेट म्हणून चालवून घेऊ नका. कराराची प्रत थाई भाषेत असेल तर मोबाइलने भाषांतर करून वाचा. गाडी चोरीला गेली तर किती द्यायचे, हा आकडा सहीच्या आधी ठरवून घ्या.

बॅग कधीही खांद्यावर रस्त्याच्या बाजूला लटकवू नका, मागून येणारा दुचाकीवाला ओढून नेतो आणि तोल आपला जातो. मी बॅग सीटखाली ठेवते. अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्याने स्कूटर नाही, हा माझा पक्का नियम. हॉटेलच्या कार्डाचा थाई लिपीतला फोटो मोबाइलमध्ये असतो, आणि लाइव्ह लोकेशन घरी एकाला आणि हॉटेलात भेटलेल्या कुणा एका बाईला देते. घरचा माणूस दोन हजार किलोमीटरच्या पलीकडे आहे, तो धावून येऊ शकत नाही.

नंबर सेव्ह करून ठेवा: टुरिस्ट पोलीस ११५५, रुग्णवाहिका १६६९, पोलीस १९१. ११५५ वर इंग्रजी बोलणारं माणूस मिळतं. दुकानदाराशी वाद झाला तरी तिथेच फोन करा, आवाज चढवू नका. तिकडे आवाज चढवला की आपली बाजू खरी असली तरी सगळे आपल्याविरुद्ध होतात.

----

न्यूझीलंडकर

धाग्याचा विषय थायलंड आहे, तरी समोरच्याच्या नुकसानाचा मुद्दा इथे उलट बाजूने दिसतो म्हणून लिहितो. न्यूझीलंडमध्ये गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचाच नाही! शारीरिक इजेचं सरकारी एसीसी योजना बघते, चूक कुणाचीही असो, आणि ती पर्यटकांनाही लागू आहे. म्हणून आपली माणसं ऐकून खूश होतात आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स काढत नाहीत. पण एसीसी फक्त अपघाताच्या इजेसाठी आहे. आजारपण त्यात नाही, बुडालेली तिकिटं नाहीत, पेशंटला भारतात परत नेण्याचा खर्चही नाही. गाड्यांचं नुकसानही नाही. भाड्याच्या गाडीवर कंपनीचा विमा असतो, पण त्यात एक्सेस असतो, म्हणजे पहिले काही हजार डॉलर आपले. ती रक्कम कार्डावर ब्लॉक करतात. ती खाली आणायला काउंटरवर रोजचे जास्त पैसे मागतात. तेच काम काही ट्रॅव्हल पॉलिसी स्वस्तात करतात, निघण्याआधी तुलना करा.

काही रस्ते करारातून वगळलेले असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि उत्तरेकडचा नाइन्टी माइल बीच ही नेहमीची नावं. तिथे गाडी नेली की विमा संपला. बीचवर भरतीच्या पाण्यात रुतलेल्या गाड्या दर वर्षी दिसतात. हिवाळ्यात मिलफर्डच्या रस्त्यावर बर्फासाठी चाकांच्या चेन सोबत नेणं सक्तीचं असतं, आणि त्या चाकाला चढवायच्या कशा हे काउंटरवरच करून दाखवायला सांगा.

----

बे_एरियाकर

इकडे अमेरिकेत आई-वडील येतात तेव्हा जावई किंवा मुलगा गाडी भाड्याने घेतो आणि लांबच्या रस्त्यावर ‘बाबा, थोडा वेळ तुम्ही चालवा’ होतं. करारात नाव नसलेल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग गेलं की घेतलेलं सीडीडब्ल्यू, म्हणजे भाड्याच्या गाडीच्या नुकसानाचं कव्हर, बाद होतं. नाव घाला, लागतील ते पैसे द्या.

सीडीडब्ल्यू किंवा एलडीडब्ल्यू फक्त भाड्याच्या गाडीसाठी. समोरच्यासाठी लायबिलिटी वेगळी. आणि राज्याची किमान मर्यादा इतकी कमी असते की तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ती वाढवली तरी एका माणसाच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांसाठी मिळून ६०,००० आणि मालमत्तेसाठी १५,००० एवढीच आहे. इथे हाड मोडून एक रात्र हॉस्पिटलात काढली तर ३०,००० कुठे जातात कळत नाही. इथे स्वतःची गाडी आणि पॉलिसी असेल तर ती सहसा भाड्याच्या गाडीलाही लागू होते. भारतातून थेट येणाऱ्याकडे तसं काहीच नसतं, म्हणून त्याने काउंटरवरची सप्लिमेंटल लायबिलिटी घ्यावी असं माझं ठाम मत आहे, महाग वाटली तरी.

सुरक्षिततेचं म्हणाल तर सॅन फ्रान्सिस्कोत गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा. काच फोडून न्यायला काही सेकंद लागतात. पोलिसांनी थांबवलं तर गाडीतून उतरू नका, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा, कागद काढायच्या आधी सांगा. आपल्याकडे खाली उतरून साहेबांशी बोलायची पद्धत आहे, इथे ते धोक्याचं आहे.

----

वाळवंटीवारा

दुबईसाठी एकच गोष्ट सांगतो. धक्का कितीही किरकोळ असो, पोलीस रिपोर्टशिवाय गॅरेज गाडीला हात लावत नाही आणि विम्याचा दावा होत नाही. ‘जाऊ द्या, आपापसात मिटवू’ हे इथे चालत नाही. किरकोळ अपघात पोलिसांच्या ॲपवरून नोंदवता येतो. कुणाला लागलं असेल तर ९९९. आणि भाड्याची गाडी वाळूच्या टेकड्यांवर नेऊ नका, ते साध्या विम्यात बसत नाही.

----

सह्यरायडर

आमचा बुलेटवाल्यांचा ग्रुप नेपाळला स्वतःच्या गाड्या घेऊन जातो. परदेश म्हटलं की लोकांना विमान आठवतं, पण सीमेवरचं सोनौली ओलांडलं की तोही परदेशच. आपल्या मोटार पॉलिसीचं क्षेत्र भारतापुरतं असतं. बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव एवढ्यांसाठी जास्तीचा हप्ता भरून ‘जिऑग्राफिकल एक्स्टेन्शन’ घेता येतं, पॉलिसीवर तशी नोंद चढते. सीमेवर भन्सार भरला, पावती मिळाली की मुलांना वाटतं सगळं झालं. भन्सार म्हणजे जकात, त्याचा विम्याशी काही संबंध नाही. ऑनलाइन पॉलिसीत हा पर्याय सहसा दिसत नाही, शाखेत जाऊन मागावा लागतो. निघण्याआधी पंधरा दिवस तरी हातात ठेवा. हा विषय काढल्याबद्दल धागाकर्त्याचे मनापासून आभार, ग्रुपवर लिंक टाकतोय.

----

दऱ्याखोरी

सगळ्यांचे आभार. माझ्या कार्डावर दोन्ही वर्ग आहेत, बायकोच्या फक्त एमसीडब्ल्यूओजी, म्हणजे बिनगिअरची. तिथल्या स्कूटर ऑटोमॅटिकच असतात ना, मग तिला चालेल? आणि आम्हाला चियांग माईहून डोंगरातल्या पाई गावाला स्कूटरवरून जायची फार इच्छा आहे. बरेच जण जातात.

----

पाऊलवाट

एमसीडब्ल्यूओजीबद्दल मी अंदाजाने हो म्हणणार नाही. कार्डाचा फोटो जोडून विमा कंपनीला मेल करा: ‘या परवान्यावर आणि परमिटवर थायलंडमध्ये १२५ सीसीची ऑटोमॅटिक स्कूटर चालवली तर वैद्यकीय दावा ग्राह्य धरला जाईल का?’ उत्तर नाही आलं किंवा मोघम आलं तर तिने मागे बसावं. दोघांनाही हेल्मेट, मागच्यालाही ते कायद्याने सक्तीचं आहे.

पाईच्या रस्त्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. चियांग माईहून १०९५ नंबरच्या त्या रस्त्यावर ७६२ वळणं आहेत, पाईत त्या आकड्याचे टी-शर्ट विकतात. घाटात मिनीबस वळणाची आतली बाजू कापत येतात. तुम्ही वरंधा किंवा ताम्हिणी घाट पावसाळ्यात दुचाकीने सराईतपणे करत असाल तर गोष्ट वेगळी. शहरात ॲक्टिव्हा चालवणाऱ्याने, मागे माणूस आणि पाठीवर सॅक घेऊन, अनोळखी स्कूटरवर तो रस्ता पहिल्यांदा करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात थायलंडमधल्या रस्ता अपघातांतल्या मृतांपैकी ७४ टक्के दुचाकी आणि तीनचाकीवरचे होते. मिनीबसने पाईला जा आणि तिथे पोचल्यावर गावापुरती स्कूटर घ्या. धबधबे, कॅन्यन सगळं जवळ आहे. पायात सँडल नको, बूट घाला. सायलेन्सर उजव्या बाजूला असतो, म्हणून बायकोला डावीकडूनच उतरायला सांगा. पोटरीला चटका बसला की उरलेले दिवस पाण्यात उतरता येत नाही.

आणि दुकानात आधी हा एक प्रश्न विचारा: गाडीवर सक्तीच्या विम्याशिवाय ‘फर्स्ट क्लास इन्शुरन्स’, म्हणजे भाड्याची गाडी आणि समोरच्याचं नुकसान दोन्ही झाकणारा विमा, आहे का? असेल तर पॉलिसीची प्रत बघायला मागा. चियांग माईत काही दुकानं अशा गाड्या देतात, भाडं थोडं जास्त पडतं. तीच घ्या.

----

दऱ्याखोरी

मिनीबसचं ठरलं. विमा कंपनीला मेल टाकलाय, उत्तर आलं की इथेच देतो.